ध्येय मोठं ठेवायचंय? मग जे अंगात आहे तिथेच ठेवा

नवीन वर्ष लागलं किंवा ओळखीच्या कुणाचं तरी भारी काहीतरी झालेलं बघितलं की आपण यादी करायला बसतो. पहाटे उठणार, गणित सुधारणार, चारचौघांत बोलायची भीती घालवणार, रोज पळायला जाणार. नीट बघा, सगळी यादी आपल्याला न जमणाऱ्या गोष्टींची असते, म्हणजे नुसतं स्वतःचं रिपेअरिंग. जे मुळातच जमतं त्यावर काहीतरी दणदणीत करायचं हे यादीत येतच नाही, कारण जे सहज येतं त्याची आपल्यालाच किंमत नसते, ‘त्यात काय एवढं’ म्हणून आपण ते बाजूला टाकतो.

माझं म्हणणं असं की जे अंगात आहे तिथे टार्गेट इतकं मोठं ठेवा की दुसऱ्याला सांगताना थोडं लाजायला व्हावं, आणि जे अंगात नाही तिथे टार्गेटच ठेवू नका, तिथे फक्त ‘हे शिकायचंय’ एवढंच ठरवा.

हे अगदीच मनाचं नाहीये. एडविन लॉक आणि गॅरी लेथम या दोन मानसशास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं ध्येयांवरच संशोधन केलं आणि त्यांचं १९९० चं पुस्तकही त्यावरच आहे. त्यातला गाभा असा की ‘जमेल तेवढं चांगलं करा’ असं सांगण्यापेक्षा नेमकं आणि अवघड टार्गेट दिलं तर माणसं जास्त चांगलं काम करतात, फक्त ते काम करायची क्षमता हवी आणि मनापासून करायची तयारी हवी. आता क्षमता नसेल तर काय होतं? १९८९ मध्ये कॅन्फर आणि अ‍ॅकरमन यांनी अमेरिकन हवाई दलाच्या प्रशिक्षणार्थींना कॉम्प्युटरवर विमानं उतरवायचं काम दिलं होतं, एअर ट्रॅफिक कंट्रोलसारखं, आणि त्यात दिसलं की काम अजून डोक्यात बसतच असताना अवघड टार्गेट दिलं तर उलट कामगिरी घसरते. साहजिक आहे, सगळं लक्ष ‘किती झालं’ याच्याकडे, शिकायला डोकं उरतंय कुठे.

तर पहिला प्रश्न, आपल्या अंगात काय आहे हे ओळखायचं कसं? ऑनलाइन टेस्ट असतात, करा हवं तर, पण मला दोन साध्या खुणा जास्त पटतात. एक, लोक तुम्हाला कशासाठी फोन करतात. नोकरी-नातं सोडून, फुकटात, हक्काने. भांडण मिटवायला, प्रवासाचा प्लॅन करायला, अर्ज लिहून द्यायला, की नुसतं ऐकून घ्यायला? आणि दुसरी खूण म्हणजे चिडचिड. दुसऱ्याच्या स्लाइड्समधले वाकडेतिकडे मजकूर बघून ज्याच्या डोक्यात जातं त्याला मांडणीची नजर असते, बाकीच्यांना ते दिसतच नाही. कौतुकावर मात्र फार जाऊ नका, लहानपणी ‘अक्षर काय सुंदर आहे’ म्हणाले म्हणून तोच आपला गुण असं काही नसतं.

माझी एक मैत्रीण आहे, समजावून सांगण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. परीक्षा जवळ आली की ओळखीतल्या सगळ्यांची पोरं तिच्याकडे. तिने शेवटी ठरवलं, वर्षभरात बीजगणितावर ६० व्हिडिओ. सगळे म्हणाले जरा कमी ठेव. मी म्हटलं ठेव ६०च, कारण रेकॉर्डिंगला ती बसायची तेव्हा एका दमात अख्खा धडा व्हायचा, चुकली तर हसून तिथूनच पुढे. अडलं कुठे तर एडिटिंगला. पंख्याचा घरघर आवाज, प्रत्येक ‘अं’ कापत बसायचं, ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरंच फायनल’ अशा फायली साठत गेल्या आणि एकही व्हिडिओ बाहेर येईना. तिने एडिटिंगलाही आठवड्याला दोनचं टार्गेट लावलं होतं ना, तिथेच घोळ होता. मग ते काढून टाकलं आणि एका बैठकीत एकच गोष्ट शिकायची असं केलं, आज फक्त आवाजाची लेव्हल, उद्या फक्त कट. पुढे तिने चक्क अदलाबदल केली, एडिटिंग येणाऱ्या एका मुलाला ती स्टॅटिस्टिक्स शिकवते आणि तो तिचे व्हिडिओ कापतो. मला हा प्लॅनमधला सगळ्यात हुशार भाग वाटतो, कारण न जमणारी गोष्ट दरवेळी स्वतःच करायची असा कुठे नियम नाहीये.

वेळेचा अंदाज हा अजून एक खड्डा. १९९४ च्या एका अभ्यासात ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं की प्रबंध कधी संपेल, सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळंच बिघडलं तर? म्हणे ४९. प्रत्यक्षात लागले ५५ च्या आसपास, म्हणजे वाईटात वाईट अंदाजही कमीच पडला. ज्यात आपण तरबेज आहोत त्यात तर, मला वाटतं, हा धोका जास्तच, कारण आवडीचा भाग पटकन होतो आणि पूर्ण कामाचा हिशोब आपण त्याच स्पीडने लावतो. म्हणून प्लॅन लिहिताना कंटाळवाण्या भागापासून सुरू करा, त्याला आधी तारखा द्या. आणि नुसतं ‘करेन’ नको, मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी ‘असं झालं की तसं करेन’ अशी जी पद्धत मांडली ती लई कामाची आहे. ‘संध्याकाळी चहा झाला की फोन दुसऱ्या खोलीत ठेवून आवाज साफ करायला बसेन’ असं थेट लिहा.

जाता जाता, अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या १९५३ च्या बॅचमधल्या ज्या ३ टक्के मुलांनी ध्येयं कागदावर लिहिली ती बाकीच्यांपेक्षा श्रीमंत झाली, ही गोष्ट प्रत्येक सेमिनारमध्ये ऐकवतात. असा अभ्यास झालाच नव्हता, लोकांनी शोध घेऊन झालाय. तरी लिहाच, पण श्रीमंत व्हायला नाही. लिहिल्याशिवाय कळतच नाही की कामाचा कुठला भाग आपल्या हातचा आहे आणि कुठल्या भागासाठी कुणाचा तरी हात मागायचाय.