वहीत वाक्य का उतरवायचं नाही

तुम्ही विचारलंत म्हणून. विद्यार्थ्यांना त्यांच्या लेखनात मदत करणारा नवा ट्यूटर आला की आठवड्याभरात विचारतोच: लेखन केंद्रातल्या आपल्या सामायिक वहीत विद्यार्थ्याचं वाक्य उतरवायला मनाई का? नाव तर लिहीत नाही ना आपण?

नाव मीही लिहिलं नव्हतं.

सत्राची अधिकृत नोंद वेगळी. ती शिक्षकांपर्यंत जाऊ शकते, म्हणून सभ्य असते. वही आपली आपल्यात. वैताग, शंका, ‘आज राहवलं नाही, विद्यार्थ्याच्या हातातलं पेन घेऊन मीच लिहिलं’ असली कबुली, यासाठी ती मी सुरू केली. ‘मोकळेपणाने लिहा’ हे पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात आहे.

त्या दिवशी ओळीने ६ सत्रं झाली होती. शेवटच्या मुलीच्या निबंधात एक वाक्य होतं, चार ओळी लांब आणि क्रियापदाचा पत्ता नाही. मी ते जसंच्या तसं उतरवलं आणि शेरा मारला, ‘कर्ता निघाला आहे, अजून पोहोचलेला नाही.’ खाली तिघांनी हसरे चेहरे काढले. मनात वाईट काही नव्हतं हो. दमलेली माणसं हसतात.

दीड वर्षाने ती मुलगी ट्यूटर म्हणून आली. मदत मागायला येणाऱ्यांमधूनच आपण ट्यूटर निवडतो, हे मला काय माहीत नव्हतं? नव्यांना पहिलं काम जुनी वही वाचायचं. मीच दिली तिच्या हातात. पानं उलटता उलटता ती एके ठिकाणी थांबली, बराच वेळ. मला वाटलं, काहीतरी पटलंय. तिने पेन्सिलीने काही लिहिलं, वही मिटली आणि विचारलं, ‘माझं पहिलं सत्र किती वाजता?’

संध्याकाळी उघडून पाहिलं. हसऱ्या चेहऱ्यांखाली बारीक अक्षरात होतं: ‘हे वाक्य माझं. त्या दिवशी तुम्ही फार प्रेमाने समजावून सांगितलं होतंत.’

प्रेमाने सांगितलं होतं, तेही खरंच होतं. हे कुणाला पटवू?

मनाई तेव्हापासून. आणि वही तेव्हापासून मिळमिळीत झाली, हेही कबूल. ‘रचनेवर बोललो, सत्र बरं झालं.’ यातून कोण काय शिकणार? अडलेलं वाक्यच समोर नसेल तर आपण चौघं भांडणार कशावर? विद्यार्थ्याची परवानगी घ्या म्हणता. पण मदत मागायला आलेला माणूस आपल्याला नाही कसं म्हणेल?

नियम काढा म्हणणाऱ्यांत तीही आहे. ‘वाक्य राहू द्या, फक्त शेरा नको,’ म्हणते. मी अजून हो म्हटलेलं नाही.