काशी मुलांना कुठून सांगायची?

"एवढाली मुलं, त्यांना काशीचा अडीच-तीन हजार वर्षांचा इतिहास सांगता कसा? कंटाळत नाहीत?" रविवारच्या वर्गाला मुलांना सोडायला येणारे पालक हे हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी सुरुवात नागपुरापासून करते. महालातला भोसल्यांचा वाडा आमच्या बऱ्याच मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे. त्याच भोसल्यांनी 18व्या शतकाच्या अखेरीस काशीत गंगेवर घाट बांधला आणि तो आजही भोसले घाट म्हणून ओळखला जातो, हे ऐकलं की मुलं सरसावून बसतात. "म्हणजे आपल्या नागपूरचा घाट?" हो, आपल्या नागपूरकरांचा! एवढं झालं की काशी परकी राहत नाही.

मग हातात दहाचं नाणं आणि भिंग देते. सिंह किती? तीन दिसतात, चौथा मागे आहे. खाली मधोमध चक्र, एका बाजूला बैल, दुसरीकडे धावता घोडा. नाण्यावर ज्याचं चित्र आहे, ते अशोकाच्या स्तंभाचं शीर्ष काशीजवळ सारनाथला 1904-05च्या उत्खननात सापडलं. बुद्धांनी पहिला उपदेश सारनाथला केला, हे मला सांगावंच लागत नाही. आजीचं बोट धरून दीक्षाभूमीवर जाणारी मुलं ते आधीच सांगून टाकतात, आणि बाकीच्यांनी ते त्यांच्याच तोंडून ऐकावं असं मला मनापासून वाटतं. काशी कुणा एका घरची नाही. कोष्ट्याच्या घरातल्या मुलीला कबीर लगेच आपला वाटतो, कारण तोही मागावर बसणारा.

सारनाथची एक गोष्ट मात्र मी घाईत उरकत नाही. 1794 साली काशीच्या जगतसिंह नावाच्या दिवाणाला बाजारपेठ बांधायची होती. त्याच्या माणसांनी सारनाथचा एक मोठा स्तूप विटांसाठी खणून काढला. आत दगडी पेटी निघाली, पेटीत अस्थी होत्या. त्या त्यांनी गंगेत सोडल्या. वर्गात एकदम गलका होतो. कुणी चिडतं, कुणी म्हणतं, "पण गंगेत सोडल्या म्हणजे त्यांनी मान दिला ना?" मी निकाल देत नाही, त्यांना भांडू देते.

विश्वनाथाच्या देवळाबद्दल काय सांगता, हे पालक जरा आवाज खाली करून विचारतात. जे घडलं ते सांगते. मूळच्या पैठणच्या घराण्यातल्या नारायणभट्टांच्या पुढाकाराने 16व्या शतकात देऊळ पुन्हा उभं राहिलं, 1669 मध्ये औरंगजेबाच्या हुकमाने ते पाडलं, आणि आजचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी 1780च्या सुमारास बांधलं. याच भट्ट घराण्यातल्या गागाभट्टांनी 1674 मध्ये रायगडावर शिवरायांचा राज्याभिषेक केला, हे कळल्यावर मुलांचे डोळे मोठे होतात. पाडलेलं लपवायचं नाही, आणि त्या पाडण्याचा राग शेजारच्या बाकावरच्या मुलावर काढू द्यायचा नाही, या दोन्ही गोष्टींवर मी अडून असते. माझ्या वर्गात सगळ्या वस्त्यांमधली मुलं येतात.

सनावळ्यांचं म्हणाल, तर त्या मी आधी पाठ करून घेत नाही. त्यांची गरज पडेपर्यंत थांबते. एकदा एका मुलाने विचारलं, "मॅडम, कबीर अहिल्याबाईंच्या देवळासमोरून जात असेल का?" तेव्हा मी फळ्यावर आडवी रेघ ओढली. डाव्या टोकाला काशीतल्या राजघाटच्या उत्खननात सापडलेली इ.स.पू. 8व्या शतकाच्या आसपासची वस्ती, मग बुद्ध, अशोक, बऱ्याच पुढे 15व्या शतकातला कबीर, आणि उजवीकडे 1780. "अरे, तो तर तीनशे वर्षं आधीचा!" त्यानेच हिशेब केला, आणि मग भोसले घाट कुठे लिहायचा म्हणून खडू मागायला फळ्यापाशी आला.