धुराडे ते कार्बनचा तक्ता: आमच्या फौंड्रीची वाटचाल

आबांनी 1974 साली कोल्हापूरच्या उद्यमनगरात भाड्याच्या शेडमध्ये कपोला, म्हणजे कोकवर लोखंड वितळवणारी उभी भट्टी, उभा केला, तेव्हा गिऱ्हाईक शोधायला गावाबाहेर जावे लागत नव्हते. ऊस वाढत होता, नदीचे पाणी उपसायला ऑइल इंजिने लागत होती आणि त्यांची फ्लायव्हील ओतायचे काम उद्यमनगरात हाताला मिळत होते. आठवड्यातून दोनदा भट्टी लागायची. तळाला कोक (भाजलेला दगडी कोळसा), त्यावर पिग आयर्न (खनिजापासून काढलेले कच्चे लोखंड), भंगार, चुनखडी, परत कोक. ब्लोअर सुरू झाला की धुराड्यातून ठिणग्या उडायच्या आणि शेजारच्या बायका वाळत घातलेले कपडे धावत काढायच्या. टनभर रसाला, म्हणजे वितळलेल्या लोखंडाला, दीडशे किलो कोक जायचा. कोक हलका आला तर दोनशेवर.

1991 नंतर दिवस बदलले. पुण्याच्या गाड्यांच्या कारखान्यांकडून कामे येऊ लागली, आम्ही शिरोली एमआयडीसीत प्लॉट घेतला आणि 2006 मध्ये पहिला कंटेनर जर्मनीला गेला. पंपाच्या बॉड्या आणि पाइप फिटिंग्ज. त्या दिवशी आबांनी अख्ख्या शेडला पेढे वाटले. निर्यातीनेच आम्हाला मोठे केले, हे मी आजही मान्य करतो. बारा कामगारांचे साठ झाले, त्यांची मुले शिकली.

2010 मध्ये कर्ज काढून 500 किलोची इंडक्शन फर्नेस, म्हणजे विजेवरची भट्टी, घेतली आणि कपोला पाडला. काजळी थांबली, कामगारांचा खोकला कमी झाला. ही कमाई खरीच होती. पण आपले प्रदूषण संपले, असेही मी त्या दिवशी मनापासून धरून चाललो आणि पुढे तेरा वर्षे तसाच चाललो.

मग युरोपचा सीबॅम, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावरचा कार्बन कर, आला. लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खते असा माल बनवताना किती कार्बन हवेत गेला, याची माहिती ऑक्टोबर 2023 पासून द्यायची आणि 1 जानेवारी 2026 पासून तिथल्या आयातदारावर त्याचा भार. आमची फिटिंग्ज या यादीत आहेत, पंपाची बॉडी नाही. एकाच भट्टीतला, एकाच लॅडलमधला रस, पण एकाला हिशेब आणि एकाला नाही.

पहिल्यांदा मी चूक केली. सगळ्या कारखान्याला मीटर एकच. भट्टीला किती, कॉम्प्रेसरला किती, काही वेगळे निघत नव्हते. म्हणून या माहितीच्या तक्त्यात युरोपने दिलेले छापील आयते आकडे भरले. ते मुळातच चढे असतात. 2024 च्या मध्यानंतर खऱ्या मोजमापाशिवाय चालेना, तेव्हा गिऱ्हाइकाने ऑर्डर महिनाभर अडवली. दोष माझाच होता. ज्या विजेचे बिल मी दर महिन्याला भरत होतो, ती जाते कुठे हे मला सांगता येत नव्हते.

भट्टीला वेगळा मीटर बसवला. टनाला 680 युनिट! आपल्या ग्रिडची वीज बहुतांश कोळशाची, युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे टनाला 476 किलो. मग आबांच्या जुन्या वहीतला कोक काढला. दीडशे किलो, किलोमागे तीन किलो धरले तर 450. त्या रात्री मला झोप लागली नाही. आमचा धूर गेलाच नव्हता, शिरोलीतून उठून कोराडी-चंद्रपूरच्या कोळशावरच्या वीजकेंद्रांकडे गेला होता.

गंमत नव्हे, पण युरोपच्या करात लोखंडी मालाच्या विजेचा धूर सध्या धरत नाहीत. पिग आयर्न घेतले तर त्याच्या भट्टीचा कार्बन आपल्या नावावर चढतो, भंगाराला शून्य. त्यामुळे भंगार वाढवले की तक्त्यावरचा आकडा झटकन खाली येतो. आम्ही ते केलेच. पण तेवढ्यावर समाधान मानणे मला पटले नाही.

मीटर लागल्यावर शेडमध्ये उभे राहून बघायला लागलो. आमचे मेल्टर आण्णा एका सकाळी घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाले, "दादा, रस तयार हाय, साचेच तयार न्हाईत." वीस मिनिटे तो पांढरा रस तसाच तापत होता, वीज खात होता. साच्यांचे वेळापत्रक आधी आखायला लागलो, भट्टीला झाकण बसवले. साच्याच्या मातीचा ओलावा दर तासाला तपासू लागलो, तेव्हा शंभरात नऊ कास्टिंग बाद व्हायची ती पाचावर आली. बाद कास्टिंग परत वितळवायचे, म्हणजे तीच वीज दोनदा जळते. आज टनाला 610 युनिट पडतात.

छतावर 100 किलोवॉटचे सोलर घातले. महिन्याला अकरा-बारा हजार युनिट देते, भट्टीला लागतात नव्वद हजार. पूर्वी रात्रीची वीज स्वस्त म्हणून रात्री हीट (भट्टीची एक खेप) काढायचो, आता शक्य तितक्या दिवसा काढतो. कोक कितीही चांगला आणला तरी कोकच राहतो, वीज मात्र सूर्याची होऊ शकते. इंडक्शनचा निर्णय चुकला नाही, असे मला वाटते ते यासाठी.

एक तक्रार मात्र आहे. भारतात माणशी कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन वर्षाला सुमारे दोन टन, जगाची सरासरी साडेचार टनांच्या वर. पंप चालतो जर्मनीत आणि तो ओतताना झालेला धूर भारताच्या खात्यावर पडतो. मीटर, सोलर, पडताळणी, सगळा खर्च आम्ही करायचा आणि किलोमागे भाव तोच. म्हणून मोजू नये असे मी म्हणणार नाही. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले, आमचा कंटेनर दिवसचे दिवस अडकून पडला. तापत्या हवेचा विषय मला परका नाही. पण भावात चार पैसे वाढवा, असे आम्ही गिऱ्हाइकाला लेखी कळवले आहे. उत्तराची वाट बघतो आहोत.

पुढच्या महिन्यात पडताळणीला माणूस येतोय. भट्टीजवळ फळा टांगलाय, त्यावर प्रत्येक हीटचे टनामागचे युनिट आण्णा खडूने लिहितात. काल तिसरी हीट 590 ला उतरली. त्यांनी त्याखाली दोन रेघा ओढल्यात.