सी शार्प परत मिळाला: डेड स्पॉटचा माग आणि बदललेला बेत

मंडळी, आधी बातमी. माझ्या बास गिटारच्या जी तारेच्या सहाव्या फ्रेटवरचा (फ्रेट म्हणजे दांडीवरची धातूची आडवी पट्टी) सी शार्प, जो डेड स्पॉट होता, म्हणजे निघताच विझायचा, तो आता पूर्ण बारभर टिकतो आणि शेवटपर्यंत मूळ स्वरच ऐकू येतो. मागच्या नोंदीत अ‍ॅम्प आणि कॅबच्या (स्पीकरच्या पेटीच्या) नव्या जोडीबद्दल लिहीन असं म्हटलं होतं, ते खाली थोडक्यात आहे. पण मधल्या काळात माझं सगळं लक्ष या एका स्वराने खाल्लं, म्हणून आज बरीचशी जागा त्याचीच.

प्रकरण उफाळून आलं ते मागच्या गिगला. एक संथ गाणं आम्ही डीमध्ये वाजवायचो. गायिकेला वरची जागा ताणून घ्यावी लागत होती, म्हणून ते अर्ध्या स्वराने खाली आणलं. बासपुरता बदल एवढाच, की सातव्या फ्रेटवरचं बोट सहाव्यावर आलं. तालमीत सगळे मिळून वाजवतात, त्यामुळे कुणाला काही जाणवलं नाही. स्टेजवर मात्र त्या गाण्याच्या सुरुवातीला गिटार गप्प असते, कीबोर्डचा पातळ पॅड असतो आणि बासचा एकच लांब स्वर, ज्यावरून ती पहिली ओळ उचलते. तो स्वर निघाला आणि दुसऱ्या ठोक्यालाच पोकळ झाला. खालचा गाभा गेला, वरच्या सप्तकातला हार्मोनिक (मूळ स्वराबरोबर उमटणारा उपस्वर) तेवढा रेंगाळत राहिला. साउंडवाल्याने फेडर वर नेला तोवर वर न्यायला काही उरलंच नव्हतं. ओळ तिने सुरेल उचलली, ते तिचं कसब. पण त्या जागी आधार देणं हे बासचं काम आहे आणि ते होत नाही, हे मला चालण्यासारखं नव्हतं.

माझा बास तुम्हाला माहीत आहेच: पी घाटाचा, म्हणजे फेंडरच्या प्रिसिजनसारखा, ३४ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी), बोल्टने जोडलेली मेपलची नेक (दांडी), तिच्या टोकाला, म्हणजे हेडस्टॉकवर, एका ओळीत चार जुन्या धाटणीचे जड ट्युनर (तारा ताणायच्या खुंट्या). १९५१ मध्ये प्रिसिजन आला तेव्हापासून हा आराखडा चालत आला आहे, आणि याच घाटाच्या बासवर जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या पट्ट्यात असा मेलेला स्वर सापडणं अगदी नेहमीचं आहे. तरीही सल्ला मिळाला तो भलताच. एका दुकानात सांगितलं, सेटअप करून घ्या. सेटअप करणाऱ्याने सांगितलं, फ्रेट उंच-सखल आहेत, लेव्हल करू. फ्रेट लेव्हल झाले, अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) झकास झाली, सी शार्प होता तसाच. फ्रेटचा दोष असेल तर तार खरखरते किंवा शेजारच्या फ्रेटला टेकते. इथे खरखर अजिबात नव्हती. स्वर स्वच्छ निघायचा आणि विझायचा. हा फरक ऐकणं एवढं अवघड नाही, आणि पैसे घेण्याआधी तो ऐकला जावा असं मला मनापासून वाटतं.

नव्या तारा, पिकअपची (तारेची कंपनं टिपणाऱ्या चुंबकाची) उंची, ट्रस रॉड (नेकचा बाक जुळवणारी सळई) हे सगळं करून झाल्यावर ज्या चाचणीने कोडं उलगडलं ती अगदी साधी आहे. चारही तारा अर्ध्या स्वराने उतरवल्या आणि पुन्हा एकेक फ्रेट वाजवत गेलो. आता सहावा फ्रेट छान वाजत होता आणि सातवा मेला होता. म्हणजे दोष सहाव्या फ्रेटचा नाहीच. कुठल्याही फ्रेटवर घ्या, १३८.६ हर्ट्झचा स्वर या नेकच्या त्या पट्ट्यात मरतो. नेकला स्वतःची कंपनसंख्या असते, आणि तारेचा स्वर तिच्याशी जुळला की तारेतली ऊर्जा पिकअपपुढे थांबण्याऐवजी लाकडात उतरते. नेक डोलते, तार थांबते. खात्री करायला हेडस्टॉकचं टोक फडकं मध्ये ठेवून भिंतीला दाबून धरलं आणि तोच सी शार्प वाजवला. घंटेसारखा वाजला! इतक्या खटपटीनंतर तो स्वर ऐकून मी बराच वेळ तेवढा एकच वाजवत बसलो होतो.

मग मोजायला बसलो. इंटरफेसमधून थेट रेकॉर्डिंग, कॉम्प्रेसर (क्षीण आवाज उचलून धरणारं पेडल) नाही, ईक्यू नाही, आणि स्वर २० डेसिबलने खाली यायला किती वेळ लागतो तेवढंच पाहायचं. सी आणि डी दोन्ही पाच सेकंदांच्या आसपास, सी शार्प जेमतेम एक. ही चाचणी करणाऱ्यांना एक सांगतो: बास पट्ट्यावर गळ्यात अडकवून उभे राहा. मांडीवर घेतला, स्टँडला टेकवला, किंवा डावा हात नेकला घट्ट आवळला, तरी आकडे बदलतात. पिझो डिस्क (कंपनं टिपणारी चकती) हेडस्टॉकवर चिकटवून, तारा दाबून धरून, बोटाच्या पेराने हलकेच ठोकलं तर नेकचा स्वतःचा स्वर स्पेक्ट्रममध्ये सरळ दिसतो. माझा उंचवटा १३९ च्या जवळ होता. अंदाज आणि आकडा असे जुळले की फार बरं वाटतं.

उपायाची दिशा इथूनच मिळाली. टोकाला वजन वाढवलं की नेकची कंपनसंख्या खाली जाते, वजन कमी केलं की वर. हाताशी सुतारकामाचा छोटा सी-क्लॅम्प होता, शंभरेक ग्रॅमचा. कॉर्कच्या चकत्या लावून तो हेडस्टॉकच्या अगदी टोकाला आवळला. सी शार्प जिवंत झाला आणि पाचव्या फ्रेटवरचा सी मेला. डेड स्पॉट नुसता एक घर खाली गेला होता. पुष्कळ जण इथे कंटाळून क्लॅम्प काढतात आणि हा उपाय फसवा आहे असं लिहितात. पण क्लॅम्प हळूहळू नटच्या (हेडस्टॉक आणि फ्रेटबोर्ड यांच्यामधल्या, तारा टेकतात त्या पट्टीच्या) दिशेने सरकवत आणलात, तर त्याच वजनाचा परिणाम कमी कमी होत जातो. सी आहे १३०.८ हर्ट्झवर, सी शार्प १३८.६ वर. मला उंचवटा हवा होता दोघांच्या मध्ये, १३४–१३५ च्या आसपास, जिथे आम्ही कुठलाच स्वर वाजवत नाही. डी तारेच्या ट्युनरशेजारी क्लॅम्प आला आणि तसं झालं. आता सी आणि सी शार्प दोन्ही चार सेकंदांच्या आसपास आहेत. शेजाऱ्यांपेक्षा किंचित उणे, पण बँडमध्ये ते कुणालाही कळणार नाही, आणि एकट्यानेही लांब स्वर धरता येतो.

आणखी एक गोष्ट हाती लागली, ती बिनपैशाची आहे. नेक डोलते ती मुख्यतः फ्रेटबोर्डाला काटकोनात, पुढे-मागे. तार त्याच दिशेने हलत असेल तर गळती जास्त. म्हणून त्या स्वराला बोटाने तार आत न दाबता, फ्रेटबोर्डाला समांतर, आडवी ओढायची. अंगठ्यावर हात टेकवून, बोट शेजारच्या तारेवर विसावेल असं. क्लॅम्प नसतानाही सी शार्प थोडा जास्त टिकला. दुसरा मार्ग तुमच्यापैकी काहींनी आधीच सुचवला होता: तोच स्वर डी तारेच्या अकराव्या फ्रेटवर घेणं. तिथे नेक कमी डोलते, त्यामुळे माझ्या बासवर तो जिवंत आहे. पण आवाज जाड आणि बोथट येतो, आणि त्या गाण्यात पुढच्याच बारला उघडी ए लागते, तेव्हा हाताची धावाधाव होते. अडीनडीला ठीक.

कॉम्प्रेसरबद्दल माझं मत आता पक्कं झालंय. डेड स्पॉटवर तो उपाय नाही. जो गाभा तारेत उरलाच नाही तो पेडल कुठून आणणार? उलट मागे उरलेला हार्मोनिक वर उचलला जातो आणि पोकळपणा जास्त उठून दिसतो. हेडस्टॉकला चिमट्याने लावायच्या क्लिप-ऑन ट्युनरबद्दलही (स्वर जुळलाय का ते दाखवणारं यंत्र) तेच. घरी चालतो, पण ड्रमर वाजवत असताना स्टेजची सगळी थरथर हेडस्टॉकमध्ये येते आणि उघडी ई नीट वाचता येत नाही. पेडल ट्युनरच घ्या, म्यूट करण्याची सोयही होते.

आता बेत. क्लॅम्प काही कायमचा ठेवायचा नाही. दिसायला ओबडधोबड आहे, आणि टोक जड झाल्याने नेक खाली झुकते. रुंद चामडी पट्ट्याने ते थोडं सावरतं, पण दोन सेट वाजवल्यावर डावा खांदा बोलतो. म्हणून हिपशॉटचे अल्ट्रालाइट ट्युनर घ्यायचं जवळपास ठरवलं होतं. वजन कमी झालं की नेकची कंपनसंख्या वर जाईल, डेड स्पॉट सी शार्प आणि डीच्या मध्ये, १४२–१४३ च्या आसपास बसवता येईल, झुकणंही थांबेल. पण सेटलिस्ट समोर ठेवून बघितलं तर वरचा डी आमच्याकडे जागोजागी लांब धरलेला आहे, वरचा सी बहुतेक वेळा जाता जाता लागतो. निशाणा किंचित चुकला आणि डी मेला, तर आत्तापेक्षा वाईट अवस्था. त्यामुळे मला खालची बाजूच हवी, म्हणजे वजन वाढवणंच आलं.

आणि हे लिहिता लिहिताच एक गोष्ट सुचली. खालच्या डीसाठी मी पाच तारांचा बास बघत होतो हे मागे लिहिलं होतं. सेटमध्ये मोजकीच गाणी आहेत ज्यांना ई तारेच्या खाली उतरावं लागतं, आणि त्यातल्या बहुतेकांना डीच पुरतो. त्याला ई तारेच्या ट्युनरवर बसणारा खटका मिळतो, हिपशॉटचा बास एक्स्टेंडर: दांडी ओढली की ई थेट डीवर, परत केली की ई. हा खटका मूळ ट्युनरपेक्षा जड असतो. म्हणजे जे वजन मला हेडस्टॉकवर हवंच आहे, ते कामाचं असू शकतं! अडचण एवढीच की एका ओळीतल्या हेडस्टॉकवर ई तारेचा ट्युनर नटच्या सर्वांत जवळ असतो, तिथे वजनाचा परिणाम सर्वांत कमी. एकट्या खटक्याने भागेल असं वाटत नाही. पण उरलेली कसर भरायला टोकाच्या मागच्या बाजूला, प्रेक्षकांना दिसणार नाही असा पितळेचा लहानसा तुकडा पुरेल. वजन किती आणि जागा कुठली, हे पिझो सांगेलच.

त्यामुळे पाच तारांचा बेत तूर्तास लांबणीवर. ज्यांना घ्यायचाच आहे त्यांनी बी तारेच्या (सर्वांत खालच्या, जादा तारेच्या) आवाजावर भाळून इतर तारा विसरू नयेत. दुकानात अ‍ॅम्पला जोडण्याआधी, पट्टा लावून, उभं राहून, जी तारेचे तिसऱ्यापासून नवव्यापर्यंत सगळे फ्रेट एकेक करून पूर्ण विझेपर्यंत ऐका. दुकानदार घाई करत असेल तरी ऐका. एकाच मॉडेलच्या दोन बासमध्येही फरक पडतो, कारण लाकूड वेगळं असतं. नेकमध्ये ग्राफाइटच्या सळ्या असतील तर थोडी मदत होते. पूर्ण ग्राफाइटची ताठ नेक आणि हेडस्टॉकच नाही, हा वाद्यरचनाकार नेड स्टाइनबर्गरने १९८० च्या सुमारास काढलेला मार्ग या बाबतीत अजूनही सर्वांत चोख वाटतो, पण मला लाकडाची नेक हाताला आवडते.

अ‍ॅम्पबद्दल थोडक्यात. ५०० वॉटचा क्लास-डी हेड (स्पीकरशिवायचा अ‍ॅम्प) आणि १२ इंची दोन कॅब, प्रत्येकी ८ ओहम. दोन्ही मिळून ४ ओहम होतात आणि हेडची पूर्ण ताकद मिळते. लहान जागी एकच कॅब नेतो. आनंदाची गोष्ट ही, की दोन कॅब शेजारी न ठेवता एकावर एक उभ्या ठेवल्या आणि वरचा स्पीकर कानाच्या जवळ आला. आवाज न वाढवता मला स्वतःचं वाजवणं स्वच्छ ऐकू येतं, गिटारवाल्याची तक्रारही थांबली. हाय-पास फिल्टर (ठरलेल्या कंपनसंख्येखालचा आवाज कापणारा) ४० हर्ट्झवर ठेवलाय. उघडी ई ४१.२ वर आहे, तिच्याखालचा स्टेजचा गडगडाट गेल्याने किक ड्रम आणि बास वेगळे कळू लागले. खटका आला की खालचा डी ३६.७ वर जाईल, तेव्हा फिल्टर ३०–३२ पर्यंत उतरवून बघेन. गडगडाट परत आला तर पुन्हा ४० वर आणेन. त्या डीचा गाभा थोडा पातळ होईल, पण बँडमध्ये तो ओळखू येतो तो मुख्यतः ७३ हर्ट्झच्या हार्मोनिकवरून.

खटका मागवलाय. बसवण्याआधी क्लॅम्पशिवायचे आकडे पुन्हा घेईन, मग नुसत्या खटक्याचे, मग पितळ लावून, आणि सगळे पुढच्या नोंदीत देईन. तुमच्यापैकी कुणी एका ओळीतल्या हेडस्टॉकवर हा खटका बसवला असेल तर बसवण्याआधी आणि नंतर डेड स्पॉट कुठल्या फ्रेटवर होता, ते नक्की कळवा. तारांचा गेजही (जाडी, इंचाच्या हजारांशात) लिहा, माझ्या ४५–१०५ आहेत. हलकी तार नेकमध्ये कमी ऊर्जा उतरवते, म्हणून पितळ कापण्याआधी ४० ची जी लावून बघायचा विचार आहे.