दिवाडीचं ऊन, दिवाडीचं पाणी

गोव्यातल्या दिवाडी बेटाच्या बांधावर बसून खाडीचं चित्र करायला घेतलं, तेव्हा उन्हाची तयारी पक्की होती. सकाळी आठच्या सुमाराला खारफुटीची सावली पाण्यावर लांब पडते, जांभळट दिसते. तासाभरात तिचा रंगच जातो. म्हणून रायबंदरहून तीच फेरीबोट, बांधावर तीच जागा.

ऊन वेळेवर यायचं. पाणी मात्र उन्हाचं घड्याळ मानत नाही. भरती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते, त्यामुळे जिथे पाण्यातलं आभाळ रंगवलं होतं तिथे आठवड्याभरात नुसता चिखल. बांधाच्या आत खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीत, पाणी मानशीच्या (बांधातल्या झडपेच्या) दारांनी आवरलेलं असतं. बाहेर त्याला कोण आवरणार!

यावर उपाय निघाला तो भिंतीवरच्या कालनिर्णयात. साधारण पंधरवड्यानं भरती पुन्हा त्याच वेळेला येते. षष्ठीला सुरू केलेलं चित्र पुढच्या पक्षातल्या षष्ठीला हातात घ्यायचं. उधाण-भांगाचा, म्हणजे मोठ्या-लहान भरतीचा, हिशेबही जवळपास जुळतो. मधल्या दिवसांत ओहोटीचा दुसरा कॅनव्हास. ओला चिखल तपकिरी असतो हा समज तिथेच सुटला. त्यात निळा अल्ट्रामरीनच जास्त लागतो, तपकिरी बर्न्ट सिएना चवीपुरता.

‘फोटो काढून घरी रंगवा की,’ असं गरी टाकून बसलेले एक काका दर वेळी सांगत. मोबाइलमध्ये ती सावली काळी येते, हे त्यांना पटलं नाही. सावल्या पाहायच्या तर मी पणजीत फोंतेन्हासला, फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेतली त्रिंदाद यांची चित्रं बघायला जाते. आन्तोनियो झेव्हियर त्रिंदाद (1870–1935) मूळचे गोव्याचे, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि तिथेच शिकवलं. त्यांच्या गडद भागांपुढे माझा फार वेळ जातो.

पावसाळ्यात बांध निसरडा, कागद सर्द. मग घरात स्थिरचित्रं. नारळ, कोकमं निवांत बसतात, बांगडा नाही. बाजारातून आणल्या आणल्या पाठीवर जी निळी-हिरवी झाक असते ती बघता बघता मंदावते. म्हणून रेखाटन बाजूला ठेवून आधी पाठीचा रंग लावते, मग डोळा. पोटाची चांदी शेवटी केली तरी चालते. ताट, केळीचं पान वगैरे नंतर सावकाश. तोवर सासूबाई दोनदा विचारून जातात, हुमण (माशाची आमटी) आज करायचं की उद्या.