कारकुनाचं मॉडेल करताना: माझा अनुभव

पीएचडीसाठी सरकारी ऑफिसचं सिम्युलेशन, म्हणजे संगणकावरची नक्कल, करायचं ठरलं तेव्हा सरांनी बजावलं, "आधी जेम्स मार्च यांचं १९९१चं मॉडेल स्वतः लिहून काढ, मग ऑफिसात पाऊल टाक." मार्च म्हणजे संस्था कशा शिकतात याचे अभ्यासक. हा सल्ला आता मीही नव्या मुलांना देते.

मार्च यांचं जग आटोपशीर आहे. वास्तव म्हणजे ३० बाबी, प्रत्येकीची किंमत १ किंवा उणे १. माणसं ५०, प्रत्येकाच्या आपापल्या समजुती. शून्य म्हणजे मत नाही. शिवाय संस्थेची एक सामायिक समजूत, नियमावलीसारखी. माणसं तिच्याकडून शिकतात आणि ती तिच्याहून जाणकार माणसांकडून. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहायला फार वेळ लागत नाही, पण निकाल विचारात पाडतो. सगळेच पटापट शिकले, तर लवकर एकसारखे होतात आणि नियमावली अर्धवट ज्ञानावरच अडकते. काही जण सावकाश शिकणारे असले, की वेगळ्या समजुती टिकतात आणि संस्थेला त्यांच्याकडून घेण्यासारखं काही उरतं.

मग परवानगी काढून एका कार्यालयाच्या आस्थापना शाखेत बसायला लागले. अडलेला कारकून जीआर शोधत बसत नव्हता. शेजारच्या टेबलाकडे वळून विचारायचा, "मॅडम, मागच्या वेळी हे कसं केलं होतं?" उत्तर चालण्याजोगं वाटलं, की टिपणी लिहून फाईल वर. माणूस सर्वोत्तम पर्यायाच्या मागे न लागता पुरेसा बरा मिळाला की थांबतो, हे माणसं निर्णय कसे घेतात याचे अभ्यासक हर्बर्ट सायमन यांचं म्हणणं तिथे रोज दिसायचं. मार्च यांच्या मॉडेलमध्ये मात्र माणसं एकमेकांना थेट विचारतच नाहीत. म्हणून मी प्रत्येकाला शेजारी दिले आणि कितपत बऱ्या उत्तरावर थांबायचं, हेही प्रत्येकाचं वेगळं ठेवलं. सगळ्यांना एकच सरासरी आकडा देणं सोपं होतं, पण तसा सरासरी कारकून मला तिथे एकही भेटला नाही.

मॉडेल एकदाच चालवलं, म्हणजे एकाच रनचा निकाल घेतला, तर तो निव्वळ योगायोग असू शकतो, म्हणून सीड (यादृच्छिक आकडे जिथून सुरू होतात तो आकडा) बदलून शेकडो रन घेतले. खरी तपासणी झाली ती निकालांचे आलेख त्या शाखेत दाखवल्यावर. हेडक्लार्क मॅडमनी बघून विचारलं, "अगं, यात बदल्या कुठे आहेत?"

महाराष्ट्रात २००५च्या बदली कायद्याने सर्वसाधारण कार्यकाल ३ वर्षांचा ठरवला आहे आणि नियमित बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात. मार्च यांच्या हिशेबात थोडी ये-जा संस्थेच्या फायद्याची. नवा माणूस कमी जाणत असला तरी वेगळं काही घेऊन येतो. पण शेजाऱ्याला विचारून चालणाऱ्या शाखेतून नेमका तो विचारायचा माणूसच गेला तर? सध्या त्याच भागाचा कोड लिहितेय.