बंब कुठे ठेवायचा?

सहा वर्षं मी डेली सोपचे संवाद लिहिले. तिथला पहिला धडा असा की प्रेक्षक टीव्हीसमोर बसलेला नसतो, स्वयंपाकघरात फोडणी घालत असतो. त्यामुळे जे काही घडतं ते कुणीतरी बोलून दाखवायचं. "म्हणजे तू हे घर विकणार, अविनाश?" वगैरे. त्याआधी एकांकिका केल्या, भरत नाट्य मंदिरात टाळ्या घेतल्या. त्या टाळ्याही वाक्यांनाच.

ही खोड घेऊन पटकथेला बसले. विषय घरचाच: सदाशिव पेठेतला आमचा वाडा पाडून इमारत होणार. बिल्डर नकाशा घेऊन येतो, वडील खुर्चीत. पहिल्या ड्राफ्टमध्ये मी वडिलांना अडीच पानं बोलायला लावलं. आजोबा, पानशेतचा पूर, आईचं तुळशीवृंदावन. एका पानाला साधारण एक मिनिट धरतात. मी घड्याळ लावून मोठ्याने वाचलं तर चार मिनिटं झाली. (देवनागरीत माझं पान नेहमीच जास्त वेळ खातं.) चार मिनिटं एक म्हातारा खुर्चीत बसून बोलतोय. मलाच चहा टाकावासा वाटला.

मग खरं काय झालं होतं ते आठवलं. वडील त्या दिवशी घराबद्दल अवाक्षर बोलले नव्हते. नकाशावर बोट फिरवत त्यांनी एवढंच विचारलं, "सातव्या मजल्यावर बंब कुठे ठेवायचा?"

बस. बिल्डर बिचारा सज्जन. म्हणाला, "काका, गीझर देतोय ना आम्ही." वडिलांनी नकाशाची घडी घातली, चुकीची, परत उलगडली, परत घातली. सीन इथे तोडला. नमस्कार-चमत्कार, चहाचे कप, "बसा ना" हे सुरुवातीचं सगळं उडवलं. आता सीन नकाशावरच्या बोटापासून सुरू होतो. पाऊण पान.

पण गोची पुढे आहे. बंब ५२व्या पानावर पहिल्यांदा आला तर तो नुसता गमतीचा प्रश्न होतो. त्याला आधी पेरावं लागतं, आणि पेरलंय हे कळू द्यायचं नाही. म्हणून ४थ्या पानावर पहाटे पाणी तापवणाऱ्या बंबाचा धूर, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचं खोकणं, आणि नारळाच्या शेंड्या जमवणारे वडील. प्रेक्षकाला तिथे भांडण दिसतं. बंब तो नकळत लक्षात ठेवतो.

लॉ कॉलेज रस्त्यावरून जाताना हल्ली एक विचार येतो. एफटीआयआय ही फिल्म इन्स्टिट्यूट १९६० मध्ये जिथे सुरू झाली तो प्रभात फिल्म कंपनीचा स्टुडिओ. प्रभातवाले १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आले, आणि १९३२ मध्ये बोलपटाकडे वळण्याआधी त्यांनी मूकपट केले होते. बोलण्याआधी दाखवायला शिकलेली माणसं. माझं उलटं झालं. त्यामुळे आता प्रत्येक सीन आधी एकाही संवादाशिवाय लिहिते. सीन समजला तरच तोंड उघडायची परवानगी. बहुतेकदा दोन वाक्यांत भागतं.

रविवारी वडिलांना नवा ड्राफ्ट वाचून दाखवला. धाकधूक होती. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, चष्मा पुसला.

"तोटी गळायची त्याची. खाली कायम पितळेची वाटी असायची. ती नाही लिहिलीस."

४थ्या पानावर वाटी घातली.